कुलपातली सात पुस्तकं

पत्र थोडक्यात असं: नाशिकच्या एका मावशींनी लिहिलं आहे. त्यांची थोरली बहीण आणि मेहुणे २०२१च्या मे महिन्यात कोरोनाने गेले, नऊ दिवसांच्या अंतराने. भाचीची तेव्हा नुकतीच पाचवी संपली होती. तेव्हापासून ती मावशींकडेच आहे आणि यंदा दहावीला बसते आहे. गेलं वर्षभर ती एकाच विषयावरच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचते: दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावून निर्वासित झालेली ज्यू मुलं-मुली आणि त्यांचं युद्धानंतरचं आयुष्य. "आधीच पोर एवढं सोसून बसलीय, त्यात हे कशाला," म्हणून मावशींनी मागच्या महिन्यात अशी सात पुस्तकं कपाटात टाकून कुलूप लावलं. भाची भांडली नाही. "ठीक आहे, घर तुमचं आहे," एवढंच म्हणाली आणि तेव्हापासून कामापुरतंच बोलते. आईचा मोबाईल नंबर बंद पडू नये म्हणून ती खाऊच्या पैशांतून त्याचं रिचार्ज करते, तेही मावशींना खटकतं. काका म्हणतात, परक्या लोकांचं दुःख हिला कशाला हवंय. कॉलेजात जाणारा मावसभाऊ म्हणतो, आज गाझात काय चाललंय ते आधी वाच. मावशी विचारतात: "आम्ही तिला कशाचंही कमी पडू दिलं नाही. माझं चुकलं का? पुस्तकं परत द्यावीत का?"

प्रिय ताई,

पुस्तकं आजच काढून द्या. बाकीचं सावकाश बोलू, पण हे उत्तर अर्धवट ठेवून आधी ते काम उरकलंत तरी चालेल. देताना "मला काळजी वाटली म्हणून ठेवली होती, पण तुला न विचारता ठेवायला नको होती," इतकंच म्हणा. कारणं सांगत बसू नका.

तुमची काळजी मला कळते. त्या पुस्तकांची मुखपृष्ठं तुम्ही पाहिलीत: काटेरी तार, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, करडं आभाळ. ज्या मुलीने नऊ दिवसांत आई आणि बाबा दोघंही गमावले, तिच्या उशाशी असली चित्रं बघून कुठल्याही मावशीच्या पोटात कालवेल. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, ती म्हणजे ही पुस्तकं मरणाबद्दल आहेत. मी शाळेच्या ग्रंथालयात बरीच वर्षं काढली आणि या प्रकारच्या कादंबऱ्या मुलांच्या हातात देतादेता स्वतःही वाचल्या. त्यातल्या बहुतेक जिथे सुरू होतात तिथे युद्ध संपलेलं असतं. फाटक उघडलं आहे, सैनिक आले आहेत, सोळा वर्षांची मुलगी जिवंत आहे आणि तिच्यापुढे प्रश्न आहे तो उद्या सकाळचा. झोपायचं कुठे, शाळेच्या अर्जावर सही कोणाची, आणि ज्या घरात आता राहायचं त्या घरातल्या बाईला हाक काय मारायची.

आपल्याकडे बहुतेकांना हा विषय अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीमुळे माहीत असतो. ती रोजनिशी १ ऑगस्ट १९४४ला थांबते, कारण तीन दिवसांनी ती आणि तिच्यासोबत लपलेले सगळे पकडले गेले. त्या लपण्याच्या जागेतल्या आठ जणांपैकी एकटे वडील परतले. जी मुलं वाचली त्यांचं पुढे काय झालं, हा धागा तिथून पुढे तुमच्या भाचीच्या कादंबऱ्या उचलतात. तिच्या वयाच्या, तिच्यासारख्याच दुसऱ्याच्या घरी आलेल्या मुलीला हा धागा धरावासा वाटला, तर त्यात मला आजारपण दिसत नाही. तिला हवी ती माहिती तिला दुसरीकडे कुठे मिळत नाही आहे.

ती माहिती कसली, ते सांगते, म्हणजे तुम्हालाही पुस्तकं उघडून बघावीशी वाटतील.

१९४५मध्ये ब्रिटनने छळछावण्यांतून वाचलेल्या १००० अनाथ मुलांना आणायची परवानगी दिली. वय सोळाच्या आत हवं, ही अट. तेवढी मुलं सापडलीच नाहीत. ७३२ आली, त्यांत मुलगे जास्त, आणि त्यातल्या कित्येकांनी विमानात जागा मिळावी म्हणून वय कमी करून सांगितलं होतं. पहिली तीनशेएक मुलं ऑगस्टमध्ये प्रागहून बॉम्बफेकी विमानांतून आली आणि इंग्लंडच्या उत्तरेला विंडरमीरच्या तळ्याकाठी उतरली. प्रत्येकाला स्वतःचा पलंग, स्वच्छ चादर. जेवायला बसवलं तर टेबलावरचे पाव क्षणात नाहीसे झाले: खिशात, अंगरख्यात, गाद्यांखाली. त्यांची देखभाल करणाऱ्यांनी ओरडा केला नाही, गाद्या उलटून झडती घेतली नाही. ते आणखी पाव आणून ठेवत राहिले. उद्याही पाव असणार आहे हे मुलांच्या अंगात मुरायला जेवढा वेळ लागला तेवढा लागू दिला. असा प्रसंग या कादंबऱ्यांत वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो, आणि मला वाटतं तुमची भाची तो श्वास रोखून वाचत असणार.

आता त्या मोबाईल नंबरकडे येते, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत जवळची वाटलेली ओळ तीच आहे.

जर्मनीतल्या बव्हेरियात, डाखाऊच्या छळछावणीपासून जवळच, इंडर्सडॉर्फ नावाच्या गावी एका जुन्या मठात जुलै १९४५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने एकट्या पडलेल्या मुलांसाठी केंद्र उघडलं. छळछावण्यांतून आणि वेठबिगारीतून सुटलेली ही मुलं होती, ज्यू आणि इतरही. त्या शरदात त्यांचे फोटो काढले गेले. प्रत्येकाच्या छातीशी एक पाटी आणि पाटीवर नाव. जगात कुठेतरी कोणी ओळखेल म्हणून. त्या काळात याद्या भिंतींवर लागत, वर्तमानपत्रांत छापल्या जात, रेडिओवरून नावं वाचली जात. आणि कधीकधी खरंच कोणी सापडायचं. पुढे शांततेचं नोबेल मिळालेला एली वीझेल तेव्हा सोळा वर्षांचा होता. बुखनवाल्डच्या छावणीतून ४२६ मुलांना फ्रान्समध्ये एकुईच्या आश्रमात आणलं, त्यात तोही होता. वडील त्याच छावणीत गेले होते, आपल्या घरातलं कोणी उरलं असेल असं त्याला वाटत नव्हतं. त्याच्या थोरल्या बहिणीने पॅरिसमध्ये वर्तमानपत्रात त्याचा फोटो पाहिला आणि तिचा निरोप आला.

तुमच्या भाचीला असा निरोप येणार नाही आणि ते तिला पक्कं ठाऊक आहे. पंधरा वर्षांची, दहावीला बसणारी मुलगी आहे ती. पण तुम्हीच लिहिलं आहे की त्या मे महिन्यात अंत्यसंस्कार पालिकेच्या माणसांनी केले, आणि तिला आई-बाबांना शेवटचं पाहता आलं नाही. रुग्णवाहिकेत चढणारी आई तिला दिसली आणि त्यानंतर एक दाखला घरी आला. जिथे जाऊन बसावं अशी जागा नाही, हातात धरावं असं काही नाही. तो दहा आकडी नंबर तिच्यासाठी ती जागा आहे. तो जिवंत ठेवणं म्हणजे मृत्यू न मानणं, असा अर्थ तुम्ही लावलात. मला तसं वाटत नाही. पुढच्या वेळी तुम्ही स्वतः म्हणा, "या महिन्याचं रिचार्ज मी करते."

युद्धातून वाचलेल्या अनेक ज्यूंना आपली माणसं कुठल्या दिवशी गेली हे कधीच कळलं नाही. ज्यू घरांत दरवर्षी मृत्यूच्या तिथीला दिवा लावतात, त्याला यार्झाइट म्हणतात. तिथीच माहीत नसेल तर काय करायचं? मग एक दिवस ठरवून घ्यायचा, घरच्यांचा शेवटचा निरोप घेतला तो, किंवा गावातून सगळ्यांना नेलं तो. तुमच्याकडे बहिणीचं श्राद्ध होतच असेल. त्या दिवशी भाची कुठे असते? शाळेत? क्लासला? तिला पानं मांडू द्या, आईच्या आवडीचा एक पदार्थ तिला ठरवू द्या. विधी मोठ्यांनी उरकून टाकायचा आणि मुलांना "अभ्यास कर" म्हणायचं, ही आपल्याकडची सवय चांगल्या मनाने पडली असेल, पण मुलांना ती दाराबाहेर ठेवते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, तुम्हालाही आणि तिलाही. ही दोन दुःखं एक नाहीत. साथीत माणसं गेली, आणि तिथे एका राज्ययंत्रणेने ठरवून, याद्या करून, रेल्वेगाड्या लावून साठ लाख ज्यूंना मारलं. त्यांत पंधरा लाखांच्या आसपास मुलं होती. आपल्या दुःखाला शब्द मिळावा म्हणून दुसऱ्याच्या इतिहासाचा आधार घ्यायला हरकत नाही, पण तो इतिहास आपल्या मापाचा करून घेऊ नये. तुमची भाची एवढं वाचते म्हणजे तिला हे बहुधा कळतंच. कधी बोलण्यात निघालं तर सांगा, पण "तुझं दुःख त्यांच्यापुढे काय" अशा सुरात नको.

"आम्ही तिला कशाचंही कमी पडू दिलं नाही." ताई, हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलं आहे. ते खरं आहे यात मला शंका नाही. पण त्याच्या पोटात एक अपेक्षा दडली आहे, आणि ती मुलांना फार लवकर ऐकू येते. १९४७ ते १९४९ या काळात कॅनडाने युद्धातली ११२३ अनाथ ज्यू मुलं-मुली स्वीकारली. घर द्यायला पुढे आलेल्या अनेकांच्या मनात लहानगी, गोड मुलगी होती. आले ते बहुतेक पंधरा-सोळा-सतरा वर्षांचे मुलगे, स्वतःच्या बळावर जगलेले, कोणाच्या मांडीवर न बसणारे. काहींचं जमलं, काहींनी दोन-तीन घरं बदलली. आणि जवळजवळ सगळीकडे त्यांना भल्या माणसांकडून एकच सल्ला मिळाला: झालं गेलं विसर, आता पुढे बघ. कित्येकांनी मग तोंड मिटलं ते तीस-चाळीस वर्षांनी, नातवंडांपुढे उघडलं.

एकुईच्या त्या मुलांना जेवणात फ्रेंच चीज दिलं, तर त्याच्या वासावरून त्यांना वाटलं आपल्याला विष देताहेत, आणि त्यांनी ते फेकून मारलं. ही मुलं कधी माणसांत येणार नाहीत, असं तेव्हा जाणकार म्हणवणाऱ्यांनी सांगितलं होतं. पुढे त्यांतले कोणी डॉक्टर झाले, कोणी प्राध्यापक, कोणी धर्मगुरू, कोणी साधे संसारी दुकानदार. विंडरमीरच्या मुलांतला बेन हेल्फगॉट वेटलिफ्टर झाला आणि १९५६ व १९६०च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या वेटलिफ्टिंग संघाचा कप्तान होता. त्या मुलांनी १९६३मध्ये स्वतःची संस्थाही काढली. रक्ताचं कोणी नव्हतं, म्हणून एकमेकांची लग्नं, बारशी, दुखणी त्यांनी आपली मानली. हे मी तुम्हाला "सगळं ठीक होतं" असं सांगायला लिहीत नाही आहे. रात्री दचकून उठणारे त्यांतही म्हातारपणापर्यंत होते. सांगायचं एवढंच की चीज फेकणाऱ्या किंवा पाव लपवणाऱ्या मुलाकडे बघून तो पुढे कसा होणार याचा अंदाज बांधू नये. पाच वर्षांत "आपलं घर" हा शब्द न उच्चारणाऱ्या मुलीकडे बघूनही नको.

"घर तुमचं आहे" हे वाक्य तुम्हाला उपकार विसरल्यासारखं लागलं. मला ते तिने दिलेलं उत्तर वाटतं. जिच्या कपाटाला दुसरं कोणी कुलूप लावू शकतं, तिचं ते घर कसं? खरं सांगा, तुमच्या घरात पूर्णपणे तिची अशी जागा कुठली? एक खण, एक कप्पा, भिंतीचा एक तुकडा, जिथे काय लावायचं ते तीच ठरवेल आणि कोणी विचारणार नाही. नसेल तर ती या आठवड्यात करा. कुलूप हवंच असेल तर त्या कप्प्याला लावा आणि किल्ली तिच्याकडे द्या.

आता जे लिहायला मला थोडा धीर गोळा करावा लागतो आहे ते. तुमच्या चार पानी पत्रात बहिणीचा उल्लेख एकदाच आहे, पहिल्या ओळीत. तीही "माझी बहीण वारली" अशी, जणू दुसऱ्या कोणाची बातमी. पुढची चारही पानं भाचीबद्दल आहेत. ताई, तुमचीही सख्खी बहीण गेली आहे. तुम्हालाही तिला शेवटचं पाहता आलं नाही. दोन आठवड्यांत तुम्ही मावशीची आई झालात आणि रडायला बसायची तुम्हाला सवडच मिळाली नाही.

इंडर्सडॉर्फच्या त्या केंद्रात ग्रेटा फिशर नावाची एक समाजसेविका होती. ती स्वतः चेकोस्लोव्हाकियातली ज्यू, १९३९मध्ये लंडनला निसटलेली. तिचे आईवडील मारले गेले होते. विंडरमीरला मुलांना सांभाळणाऱ्यांतही जर्मनीतून पळून आलेले निर्वासित होते. म्हणजे मुलांचे पाव मोजायचे नाहीत हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्याही ताटात कोणीतरी कमी होतं. मला वाटतं म्हणूनच त्यांना ते सुचलं. तुमच्याकडे ती ठेव आहे आणि तुम्ही ती झाकून ठेवली आहे, भाचीला त्रास होऊ नये म्हणून. तिला मात्र असं दिसत असणार की या घरात आईचं नाव काढायचं नसतं, आणि मावशी तर विसरूनही गेली.

तिला तुमच्या बहिणीची एखादी गोष्ट सांगा, तिला माहीत नसलेली. लहानपणी तुम्ही दोघी कशावरून भांडायचात, बहीण कुठल्या विषयात नापास झाली होती, तुमची साडी न विचारता नेसून गेली होती का. थोर, प्रेमळ, त्यागी आई तिला फोटोच्या हारातून रोज दिसते. भांडकुदळ थोरली बहीण फक्त तुम्हालाच माहीत आहे.

तुमच्या यजमानांच्या बोलण्याबद्दल थोडक्यात. परके कोण, हे एकदा नीट पाहू या. अलिबाग-नवगावच्या बाजूला शेकडो वर्षं राहिलेले बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांची आडनावं राजपूरकर, किहिमकर अशी, बोली मराठी, कीर्तनंही मराठीत. हिटलरच्या काळात युरोपातून मुंबईत आलेल्या ज्यूंना मदत करायला १९३४मध्ये इथे एक ज्यू मदत संघही उभा राहिला होता. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, हे त्यांनी ऐकलं असेल; ते मात्र बहुतेक कॅथलिक होते आणि सोव्हिएत रशियातून सुटून आले होते, ती कहाणी वेगळी. भाचीला ती वाचायला आवडेल, कारण त्यातही शाळा आहे, नाटक आहे आणि परत कुठे जायचं हा प्रश्न आहे.

तुमच्या मुलाचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, त्याला गप्प करू नका. युद्धानंतर अडीच लाखांच्या आसपास ज्यू जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीतल्या निर्वासित छावण्यांत होते. गावी परतावं तर घरात दुसरेच राहत होते. पोलंडमध्ये किएल्त्से इथे ४ जुलै १९४६ला परतलेल्यांवर जमावाने हल्ला केला आणि ४२ जणांना मारलं. अमेरिका-ब्रिटनची दारं जेमतेम किलकिली होती. म्हणून यातल्या अनेक कादंबऱ्या पॅलेस्टाइनकडे निघालेल्या जहाजावर संपतात. आणि १९४८च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी माणसं घरातून पळाली किंवा हाकलली गेली, त्यांनाही परतता आलं नाही. जहाज किनाऱ्याला लागलं तिथे आधीपासून कोण राहत होतं, हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलीने विचारायलाच हवा, आणि मावसभावाने तो तिच्यासोबत बसून वाचायला हवा. गाझातल्या मुलांसाठी रडू येणारीच ही मुलगी आहे. एका मुलाच्या दुःखावरून तिला दुसऱ्या मुलाच्या दुःखासाठी टोमणा मारू नये, एवढं त्याला सांगा.

पुस्तकं कुठली चांगली, असं विचारणारी पत्रं इतर पालकांकडूनही येतात, म्हणून तेही सांगते. शेवटी लेखकाची टीप आहे का बघा, खरं किती आणि रचलेलं किती हे सांगणारी. छळछावणीत मुलं खुशाल आत-बाहेर करताहेत, पहारेकरी मनाचा हळवा आहे, असं दिसलं तर पुस्तक बाजूला ठेवलेलं बरं. मुलं नुसती बिचारी दाखवली असतील तर तेही कच्चं पुस्तक. खरी मुलं हेवा करतात, चोऱ्या करतात, खोटं बोलतात, प्रेमात पडतात, देवावर चिडतात, बूट मिळाल्यावर नाचतात. आणि दत्तक घेणारी बाई भेटली की शेवटच्या पानावर सगळं मिटलं, असं असेल तर भाचीला विचारा, तुला हे पटलं का. तिचं उत्तर ऐकण्यासारखं असेल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. झोप उडाली, जेवण सुटलं, मैत्रिणी तुटल्या, स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या किंवा "मी पण गेले असते तर बरं" असं काही बोलली, तर पुस्तकांवर चर्चा करत थांबू नका, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठी फोन केलात तरी चालेल.

तुम्ही लिहिलंत की तुमचं इंग्रजी वाचन सावकाश चालतं. ही अडचण कामाला येईल. सातातलं तिला सर्वांत आवडलेलं एक पुस्तक मागा आणि म्हणा, "मला वाचायला महिना लागेल, तू रोज थोडं मराठीत सांग." रात्री भांडी आवरताना दहा मिनिटं. मध्येच "म्हणजे तुझ्यासारखंच ना" असं म्हणू नका. "मग पुढे काय झालं," एवढंच विचारा. ती नाही म्हणाली तर आग्रह नको. पुस्तकं तिच्या टेबलावर राहू द्या, आणि रिचार्जची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा.